प्लॉट घेण्याआधी कोब्याखालची माती बघा

२०१९ च्या मे महिन्यात भोसरी एमआयडीसीत नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाळ्यात आम्ही पॉवर प्रेसच्या फौंडेशनसाठी खड्डा घेत होतो. नवी फरशी निघाली, कोबा फुटला, मुरूम लागला. साधारण तीन फुटांवर ब्रेकरवाला थांबला आणि म्हणाला, "ताई, हे पाणी बघा." तळाशी वीतभर पाणी झिरपलं होतं, हळद कालवल्यासारखं पिवळं. पाऊस सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते.

आमच्याआधी तिथे क्रोम प्लेटिंग चालायचं, हे आम्हाला माहीत होतं. टँक काढून नेले होते, भिंतींना रंग दिला होता, फरशी चकचकीत होती, त्यामुळे प्लेटिंग संपलं असं आम्ही धरून चाललो. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च घेतला होता. बँकेचा बोजा नाही, एमआयडीसीची थकबाकी नाही. कागदात मिळकत 'निर्वेध व निजोखमी' असल्याचं लिहून घेतलं. या दोन शब्दांत मातीचा हिशेब येत नाही. पाणी पिवळं झालं होतं ते मातीत मुरलेल्या क्रोममुळे. ती माती उपसून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायला आणि नवा मुरूम भरायला आठ महिने लागले, आणि प्लॉटच्या किमतीचा जवळपास सातवा हिस्सा त्यात गेला. विकणाऱ्यांची कंपनी तोवर बंद झाली होती.

आमच्या धंद्यात मशिनं दीर बघतात आणि कागद मी बघते, म्हणून ही चूक माझ्या टेबलावरची होती. २०२३ मध्ये चाकणजवळ दुसरी जागा घेतली, तेव्हा सगळं वेगळ्या क्रमाने केलं. जुना गाळा, शेड, गोदाम किंवा बंद पेट्रोल पंपाची जागा घेणाऱ्या प्रत्येकाला तो क्रम उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

नोटीस कोणाच्या नावाने येते

प्रदूषण करणाऱ्यानेच भरायचं, हे आपल्या कायद्याचं तत्त्व आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-अ‍ॅसिड हे रंगांसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे तत्त्व ठामपणे लावलं आणि २०११ मध्ये ३७ कोटींहून जास्त रक्कम, वर १२ टक्के चक्रवाढ व्याज, भरायला सांगितलं. हे वाचून खरेदीदाराला वाटतं की घाण आधीच्या माणसाची, मला काय त्याचं.

अडचण अशी आहे की प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी येतो तो आज ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याच्याकडे. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये 'भोगवटादार' म्हणजे कारखान्याच्या किंवा जागेच्या कारभारावर ज्याचं नियंत्रण आहे तो. घातक कचरा नियम २०१६ सुद्धा कचऱ्याच्या चुकीच्या हाताळणीतून झालेल्या नुकसानीची जबाबदारी भोगवटादारावर टाकतात. जल अधिनियम १९७४ च्या कलम २४ मध्ये तर विषारी पदार्थ जाणूनबुजून विहिरीत किंवा जमिनीवर 'सोडणं' आणि 'सोडू देणं' दोन्ही मना आहे. पिवळं पाणी एकदा डोळ्यांनी बघितल्यावर मला काही माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय उरत नाही.

२०१० च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे एनजीटीत, अपघातातून झालेल्या नुकसानीसाठी चूक सिद्ध न होताही भरपाई लावता येते. आपल्याकडच्या तक्रारी त्याच्या पुण्यातल्या खंडपीठापुढे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही स्पष्ट केलं की प्रदूषण नियंत्रण मंडळं स्वतः पर्यावरणीय भरपाई आकारू शकतात. आणि जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्राने आणले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागा कळवणार, राज्य मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करणार, मग सविस्तर तपासणी, आणि जागा दूषित ठरली तर जबाबदार व्यक्ती शोधून खर्च तिच्यावर. तुमचा प्लॉट अशा यादीत आला, तर पहिला प्रश्न असेल की हे कोणी केलं. ताबा घेताना माती कशी होती याचा पुरावा तुमच्याकडे नसेल, तर उत्तर देताना तुमच्या हातात काहीच नसतं. पुढचं सगळं त्या एका पुराव्यासाठी.

प्लॉटऐवजी कंपनीच विकत घेत असाल, म्हणजे शेअर घेत असाल, तर भूतकाळ पूर्ण तुमचा. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना हिंदुस्तान युनिलिव्हरने उभारलेला नव्हता. तो चेसब्रो-पाँड्सचा होता. १९८७ मध्ये युनिलिव्हरने ती कंपनी जगभरात विकत घेतली, तसा तोही आला. २००१ मध्ये पारा लागलेली काच गावातल्या भंगारात सापडली आणि कारखाना बंद झाला, पण मातीतल्या पाऱ्याचा प्रश्न पुढे जवळपास दोन दशकं मालकाच्या मागे राहिला.

आधी कागद, पण नेहमीचे नाहीत

सर्च रिपोर्टने मालकी कळते. जागेत काय शिजलं ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदांतून कळतं. विकणाऱ्याकडून पहिल्यापासूनच्या सगळ्या संमतीपत्रांच्या प्रती मागा. आपल्याकडे त्यांना सगळे 'कन्सेंट' म्हणतात. शेवटचाच कन्सेंट दाखवतात, तो पुरेसा नाही. आमच्या भोसरीच्या जागेच्या शेवटच्या कन्सेंटवर 'असेंब्ली' लिहिलं होतं. प्लेटिंग त्याच्या आधीच्या दोन कन्सेंटवर होतं, आणि त्यात घातक कचऱ्याचं वर्णनही.

तो कचऱ्याचा तक्ता नीट वाचा. ५.१ म्हणजे वापरलेलं तेल, १२.५ म्हणजे फॉस्फेटचा गाळ, ३५.३ म्हणजे ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, रासायनिक गाळ. प्रत्येकासमोर वर्षाचं किंवा महिन्याचं प्रमाण असतं. आता फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट मागा, कचऱ्याची गाडी जाताना जो भरतात तो. शिवाय फॉर्म ४, वार्षिक विवरण. मग साधी वजाबाकी करा. चाकणच्या जागेच्या कन्सेंटवर महिन्याला २०० किलो फॉस्फेट गाळ होता, म्हणजे पाच वर्षांत १२ टन. मॅनिफेस्ट निघाले साडेतीन टनांचे. उत्पादन कमी झालं असेल, गाळ सुकून वजन घटलं असेल, हे सगळं धरूनही कित्येक टनांचा हिशेब लागत नव्हता. गाळ हवेत जात नाही. तो कुठेतरी टाकला होता, आणि तो आपल्याच आवारात तर नाही ना, हे शोधायचं होतं.

एमआयडीसीच्या फाइलमध्ये मंजूर नकाशे असतात. त्यावर ईटीपी, टाक्या, शोषखड्डा कुठे दाखवलाय ते बघून प्रत्यक्ष जागेशी जुळवा. पोटभाडेकरूंची चौकशी करा. एका शेडमध्ये दहा वर्षांत चार वेगवेगळे धंदे झालेले असतात आणि मूळ मालकालाही तिसरा काय करायचा ते आठवत नाही. महावितरणची जुनी बिलंही बोलतात. प्लेटिंगचे रेक्टिफायर भरपूर वीज खातात. असेंब्लीच्या नावावर मोठा मंजूर भार दिसला, तर का ते विचारा.

मग माणसं

मी सर्वात जास्त शिकले ती माणसांकडून. गेटसमोरचा चहावाला, शेजारच्या गाळ्याचा वॉचमन, जुना हेल्पर. मालकासमोर यांच्याशी बोलू नका, त्यांची अडचण होते. चाकणला एका जुन्या हेल्परना मी दोनदा भेटले. पहिल्या वेळी ते फक्त चांगलंच बोलले. दुसऱ्यांदा चहा घेताना म्हणाले, "ताई, मागे पार्किंगचा कोबा केलाय ना, त्याच्या आधी तिथं खड्डा होता." वजाबाकीतला हरवलेला गाळ तिथेच निघाला.

भोसरीत प्लेटिंग लाइनवर वीस वर्षं काढलेले एक काका नंतर आम्हाला भेटले. त्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक आहे. क्रोमच्या वाफेत वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांना हे होतं. माती आणि पाण्याचा हा हिशेब पैशाचा आहे, तसाच तो या माणसांच्या शरीराचाही आहे. जागा ताब्यात घेताच तिथल्या बोअरचं पाणी पिणं बंद करा, रिपोर्ट येईपर्यंत हात धुवायलाही टँकर लावा. आपली पोरं त्याच जागेवर काम करणार असतात.

स्वतः फिरून काय बघायचं

दुपारी जा, ऊन असताना. जिथे बाकी जुनं आणि एकच पट्टा नव्या कोब्याचा असेल तिथे थांबा. आम्लरोधक टाइल किंवा विटांचा थर, खालून गंजलेले आणि फुगलेले कॉलम, भिंतीच्या बुडाशी हिरवट-पिवळसर मीठ, कंपाउंडलगत गवतच उगवत नाही असा तुकडा. नाल्या कुठे जातात ते पाणी ओतून बघा. बंद पडलेली बोअर असेल तर तिच्या केसिंगमध्ये पाइप सोडलेला आहे का ते बघा. सांडपाणी थेट बोअरमध्ये सोडण्याचे प्रकार झालेले आहेत. आपला दख्खनचा पाषाण भेगाळ असतो, पाणी त्या भेगांतून चालतं, त्यामुळे बोअरमध्ये सोडलेलं विष शेजारच्या प्लॉटवरही निघू शकतं.

डिग्रीझिंगची, म्हणजे धातूवरचं तेल-ग्रीस काढायची, टाकी होती का, हे आवर्जून विचारा. ट्रायक्लोरोएथिलीनसारखं सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड असतं, खाली खाली उतरतं आणि त्याची वाफ कोब्याच्या भेगांतून वर शेडमध्ये येते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर तेलात पीसीबी ही विषारी रसायनं आहेत का ते तपासायला सांगा. त्यांचा वापर थांबवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती.

टोकन देण्याआधी टेस्ट

इथे विकणारे नाराज होतात. "इतकी वर्षं धंदा केला, आमच्यावर विश्वास नाही का?" चाकणला मी उत्तर दिलं की रिपोर्ट स्वच्छ आला तर तुमच्याच हातात एक चांगला कागद येईल. ते तयार झाले. जो मालक कोणत्याही परिस्थितीत कोबा फोडू देत नाही, तिथे मी आता पुढे बोलणी करत नाही.

हजार चौरस मीटरच्या जागेला आम्ही सहा ठिकाणी मातीच्या नमुन्यांसाठी बोअर घेतले: टँकची जागा, ईटीपी, गाळ साठवायची शेड, नालीचं तोंड, मागचा पार्किंगचा पट्टा, ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक ठिकाणी फूटभर खोल, मीटरभर खोल आणि कठीण खडक लागेल तिथे, असे तीन नमुने. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेची आणि पर्यावरण अधिनियमाखाली मान्यता असलेली प्रयोगशाळा घ्या, आणि नमुने त्यांच्याच माणसाला घेऊ द्या. तुम्ही स्वतः पिशवीत भरून नेलेल्या मातीला उद्या कोणी पुरावा मानणार नाही. बर्फाच्या पेटीत ठेवायचं, बाटलीवर वेळ लिहायची, सही घ्यायची. पाण्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, साधारण २४ तासांत तपासलं जायला हवं.

काय तपासायचं हे आधीच्या धंद्यावरून ठरतं. प्लेटिंग असेल तर एकूण क्रोमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, निकेल, जस्त, सायनाइड आणि पीएच. पेंटिंग असेल तर शिसं आणि सॉल्व्हंट. पंप किंवा गॅरेज असेल तर तेल आणि बेंझीन.

एक गोष्ट पुण्या-नाशिकच्या लोकांनी नक्की लक्षात ठेवावी. आपल्या बेसाल्टच्या मातीत क्रोमियम आणि निकेल मुळातच भरपूर असतं. रिपोर्टमध्ये एकूण क्रोमियमचा मोठा आकडा बघून माझ्या दिरांनी सौदा मोडायचं ठरवलं होतं. म्हणून एक नमुना नेहमी आवाराबाहेरच्या, कधी कारखाना नसलेल्या जागेतून घ्या आणि आकडे त्याच्याशी ताडा. खरी चुगली हेक्झाव्हॅलंट करतं. ते सहसा माणसाच्या हातूनच आलेलं असतं आणि पाण्यात सहज विरघळून फिरतं.

बोअरच्या पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, हाताशी ठेवा: लिटरला क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम, निकेल ०.०२, शिसं ०.०१. माती उपसावी लागणार असेल तर लीचिंगची चाचणीही, म्हणजे मातीतून पाण्यात किती विष उतरतं त्याची, करून घ्या. त्यात क्रोमियम किंवा शिसं लिटरला ५ मिलिग्रॅमवर गेलं तर ती माती घातक कचरा ठरते आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या केंद्रातच जायला हवी. खर्चाचा मोठा आकडा इथे ठरतो. प्रत्येक वेळी माती उचलायलाच हवी असंही नाही. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम फेरस सल्फेट घालून कमी घातक रूपात आणता येतं, पण हे तज्ज्ञाने मातीचे नमुने बघून सांगायचं. कंत्राटदाराच्या अंदाजावर यात काही करू नका.

साठेखतात काय लिहायचं

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की साध्या काळजीने खरेदीदाराला कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण ते 'उलट करार नसेल तर' या अटीवर. आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक मसुद्यात एक ओळ छापील असते: 'खरेदीदाराने मिळकत समक्ष पाहून, तपासून, आपली खात्री करून घेतली आहे.' भोसरीच्या कागदावर तिच्याखाली माझी सही आहे. ही ओळ काढायला लावा, किंवा तिला जोडून लिहा की जमिनीखालच्या आणि भूजलातल्या दूषणाला ती लागू नाही.

मग विकणाऱ्याचं लेखी निवेदन: जागेत कोणकोणते धंदे झाले, कोणती रसायनं वापरली, कुठे काही पुरलं आहे का, मंडळाच्या नोटिसा आल्या आहेत का. मातीचा रिपोर्ट परिशिष्ट म्हणून जोडा आणि दोघांच्या सह्या त्याच्या प्रत्येक पानावर घ्या. ताब्याच्या दिवशी माती अशी होती, हे मग दोघांनी मान्य केलेलं असतं.

नुकसानभरपाईची हमी फक्त कंपनीकडून घेऊ नका, संचालकांकडून व्यक्तिशः घ्या. बंद पडलेल्या कंपनीची हमी किती कामाची असते ते मी बघितलं आहे. मुदत किमान पाच वर्षं ठेवा, कारण एनजीटीत भरपाईचा अर्ज करायला पाच वर्षं असतात. आणि काही रक्कम अडकवून ठेवा. आम्ही चाकणला किमतीचे बारा टक्के बँक गॅरंटीत ठेवले होते, अट अशी की पार्किंगखालचा गाळ मॅनिफेस्टवर उचलला गेला आणि तळाचा नमुना स्वच्छ आला की गॅरंटी सुटणार. चौदा आठवड्यांत काम झालं. पैसे अडकलेले असले की फोन उचलले जातात.

ही हमी तुमच्या आणि विकणाऱ्याच्या मधली आहे, मंडळ तिला बांधील नाही. मंडळाचा आदेश आला तर आधी तुम्ही करायचं आणि मग त्यांच्याकडून वसूल करायचं.

बँकेच्या लिलावात यातलं काहीच मिळत नाही. 'जशी आहे, जिथे आहे' तत्त्वावर विक्री, हमी देणारा कोणी नाही, २५ टक्के लगेच आणि उरलेले साधारण १५ दिवसांत. म्हणून बोली लावण्याआधी अधिकृत अधिकाऱ्याकडे नमुने घेण्याची लेखी परवानगी मागा. मिळाली नाही तर वाईटात वाईट सफाईचा खर्च काढून तेवढी बोली कमी करा. नाही परवडली तर सोडा. आधीच्या मालकाची वीजथकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडून घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तोही आकडा त्यातच धरा.

ताबा घेतल्यावर

जुन्या मालकाच्या कन्सेंटवर एक दिवसही काम सुरू करू नका, आपल्या नावाने अर्ज करा. आधीचे पिंप, डबे, गाळाच्या गोण्या ताब्याआधी उचलायला लावा. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि तुमच्या आवारात मिळालेली गोणी तुमची धरली जाते.

खोदताना काही निघालंच तर काम थांबवा, फोटो काढा, प्रयोगशाळेला बोलवा आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा. मला तेव्हा अनेकांनी सांगितलं की रात्रीत दोन डंपर भरून टाका आणि विसरा. ती माती कुठल्या तरी ओढ्यात पडून पवनेत किंवा इंद्रायणीत गेली असती. आम्ही कळवलं. अधिकारी आले, नमुने घेतले, आराखडा मागितला आणि आमच्या नावावर दंड लागला नाही, कारण घाण दाखवणारे आम्हीच होतो आणि आधीच्या कन्सेंटच्या प्रती मी मिळवून ठेवल्या होत्या. शेजारच्या तीन गाळ्यांनाही मी रिपोर्ट नेऊन दिला. एका ठिकाणी त्याच बोअरचं पाणी कामगार पीत होते.

आता दरवर्षी मे महिन्यात, पाणी सर्वात खोल गेलेलं असताना, दोन्ही जागांच्या बोअरचा नमुना जातो. भोसरीच्या पाण्यात क्रोमियम गेल्या दोन वर्षांत मानकाच्या आत आहे. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, एमआयडीसीच्या करारपत्राच्या शेजारी ठेवले आहेत. कधी जागा विकली, तर ती फाइल किल्लीबरोबर द्यायची आहे.